घंटांचं झाड

डोंगरापल्याड एक गाव होतं बघा. तिथे कोंबड्या पाळून पोट भरणारी एक बाई राहायची. तिची एकुलती एक पोर, तानी, हगवणीने पार गळून गेली. डोळे खोल गेले, ओठ सुकले.

गावची रीत अशी, की आजारी पोर भगताच्या झाडाखाली ठेवायचं आणि तीन दिवस पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पोर बरं झालं की आईबापांनी झाडाला एक घंटा बांधायची. बाई तानीला घेऊन आली, तर झाडाला शेकडो घंटा! तिला जरा धीर आला.

"बघ, एवढी पोरं वाचली," भगत म्हणाला.

बाई घंटांकडे बघत राहिली. अंडी उबवून झाली की ती जशी पिल्लं मोजायची, तशी न फुटलेली अंडीही मोजायची. नाहीतर पुढच्या वेळी कुठल्या कोंबडीखाली अंडी ठेवावी, हे कळणार कसं?

"भगतबाबा, जी वाचली नाहीत ती किती?"

"त्यांची घंटा नसते."

"अहो, पण होती किती?"

"कोण मोजत बसलंय!" भगत खेकसला.

बाईने तानीला उचललं नि धावतपळत शेजारच्या गावच्या वैद्यबुवांचं घर गाठलं.

"वाचेल ना हो माझी पोर?"

"यंदा अशी तीस पोरं आली," वैद्यबुवा म्हणाले. "सव्वीस वाचली, चार गेली. मीठ-गुळाचं पाणी घोटघोट पाजत राहा. पण बाई, खात्री मी देत नाही."

चार! झाडाखाली निदान धीर तरी होता. परत फिरावं का? पण या माणसाने गेलेली पोरंही मोजली होती. ती तिथेच बसली आणि पळीने पाणी पाजू लागली. दोन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी तानी पुटपुटली, "आई, भूक लागली." बाई हमसून हमसून रडली.

घरी परतल्यावर शेजारीण म्हणाली, "पोर वाचली, म्हणजे तुझंच खरं गं!"

"एका पोरीवरून काय कळतंय?" बाई म्हणाली. "वैद्यबुवांकडच्या त्या चार पोरांसारखी तीही गेली असती, तर मी ऊर बडवून रडले असते. पण उद्या पुन्हा तशी वेळ आली, तरी वाट हीच धरीन."

तात्पर्य काय, तर वाचलेले कुणीही दाखवील. गेलेले किती, हे जो सांगेल त्याच्यावर भरवसा ठेवावा.