मेलेला वायपर

“मेला म्हंजे... अगदीच मेला हुता?” बाबालाल वस्तादांनी विचारलं.

“अगदीच, वस्ताद. जीवच नव्हता त्यात,” सुकुमार मगदूम म्हणाला.

हे बोलणं मिरजेत, वस्तादांच्या दारातल्या चिंचेखाली चाललं होतं. समोर बावन्न सालची काळी मोटार उभी होती. सुकुमारनं काचेवर तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि नवा कोरा विजेचा वायपर सपासप फिरत होता. वस्तादांच्या हाताखाली आठ वर्षं काढून सांगलीत स्वतःचं गॅरेज थाटलेला हा गडी आज मुद्दाम गुरूला काम दाखवायला आला होता. शाबासकी घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच.

मोटारीच्या मालकीणबाई, कुमुदताई आठल्ये, मागच्या सीटवर बसल्या होत्या. मोटार त्यांच्या वडिलांची. वडील होते तोवर तिची सगळी दुरुस्ती बाबालाल वस्तादच करत.

“जुना वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचा,” सुकुमार ताईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. “इंजिन हवा ओढणार, त्या ओढीनं दांडी हलणार. चढाला पाय दाबला की दांडी थांबलीच! असलं आता कोण ठेवतंय?”

वस्तादांनी नव्या वायपरवरून नजर काढली.

“कुठं हाय त्यो जुना?”

“डिकीत. ताई टाकू देईनात.”

“आण.”

सुकुमारनं ते लोखंडी डबडं आणलं. वस्तादांनी चष्मा पुसला, झाकण उघडलं आणि आतल्या सुकलेल्या चामड्याच्या पट्टीवर एरंडेलाचे चार थेंब सोडले. तेवढ्यात चहा आला. वस्ताद बशीत ओतून सावकाश चहा प्याले. सुकुमारला उगाचच घाम फुटला.

बशी खाली ठेवून वस्तादांनी झाकण लावलं, घरातली एक रबरी नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक तोंडात धरून चिलीम ओढावी तशी हवा ओढली.

दांडी हलली. इकडून तिकडं गेली.

वस्तादांना खोकल्याची ढास लागली. ती थांबल्यावर त्यांनी नळी सुकुमारपुढं केली.

“आता तू.”

सुकुमारनं ओढलं. मेलेली दांडी त्याच्या नाकासमोरून ऐटीत गेली आणि ऐटीत परत आली. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

कुमुदताई केव्हा खाली उतरल्या ते कळलंच नाही.

“म्हणजे हा चालण्यासारखा होता?” त्या म्हणाल्या. “बाबांचा होता हो तो. मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला.”

विचारलं होतं, हे खरं. दोन्ही वेळा सुकुमारनं मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली होती. खरी गोष्ट अशी, की ओढीवरचा वायपर त्यानं उभ्या जन्मात उघडला नव्हता. सांगली-मिरज अंतर ते किती! पण ‘मला येत नाही’ एवढं वस्तादांना सांगायला तेवढी वाट चालणं त्याच्या जिवावर आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यानं ड्रिल उचललं आणि मोटारीच्या पत्र्याला भोक पाडलं.

“त्याचं काय झालं ताई, जुनी नळी खराब...” त्यानं सुरुवात केली.

वस्ताद त्याच्याकडं बघत होते. रागानं नव्हे. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

“ताई...” त्यानं नळी खाली ठेवली. “वायपर मेला नव्हता. मला तो दुरुस्त करता येत नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

ताईंनी त्या लोखंडी डबड्यावरून हात फिरवला.

“भोक दाव,” वस्ताद म्हणाले.

सुकुमारला वाटलं, उरलीसुरली अब्रूही आता जाणार. त्यानं डॅशबोर्डखाली बॅटरीचा उजेड पाडला. वायरीसाठी पाडलेलं भोक, कडा अजून चकचकीत. वस्ताद वाकले. त्यांनी सुकुमारचं बोट धरलं आणि भोकापासून चार बोटं खाली नेऊन पत्र्यावर टेकवलं.

तिथं रंगाखाली रुपयाएवढा उंचवटा लागला. कुणीतरी फार पूर्वी भोक पाडून, मग कथलाचा डाग देऊन बुजवलेलं. वर बेमालूम काळा रंग. त्या जागी भोकाचं खरं म्हणजे काहीच काम नव्हतं.

“वस्ताद, हे कुणी...?”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. डोक्यावरची टोपी सारखी केली. सुकुमारकडं न बघता ते कुमुदताईंच्या समोर गेले.

“ताई... त्यातलं खालचं भोक माझं हाय. तुमच्या वडलांना सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”