करंगळी गार पडली

एक होती निमा. एके दुपारी ऊन लागलं आणि निमाचा घोळणा फुटला. नाकातून रक्त आलं. टप टप टप.

आईने नाक दाबून धरलं. रक्त थांबलं. पण गेलं ते गेलं.

त्या रक्तात लालीच्या बहिणी होत्या. लाली म्हणजे इवलीशी लाल पेशी. पाठीवर हवेचं गाठोडं घ्यायचं आणि घरोघर वाटायचं, हे लालीचं काम. आता बहिणी गेल्या, गाठोडी कमी पडली.

सगळ्यांत शेवटचं घर पायाच्या करंगळीचं. तिथे पोचेपर्यंत गाठोडं रिकामं झालं.

"लाली, हवा?" करंगळी म्हणाली.

"नाही गं उरली," लाली म्हणाली. करंगळी गार पडली.

लाली निघाली. घरंगळ घरंगळ. हाडाच्या आत मऊ मऊ खोली. तिथे मज्जाकाकू राहते. लाल पेशी तीच करते.

"काकू काकू, बहिणी दे. करंगळी गार पडली."

काकू म्हणाली, "मामा निरोप देत नाही, मी पेशी करत नाही."

"पण काकू, तुला येतात ना करता?"

"येतात. निरोप नाही."

लाली निघाली. घरंगळ घरंगळ. किडनीमामा गाळणी घेऊन बसला होता. चुळुक चुळुक रक्त गाळत होता. मामाचा मान मोठा. हवेचा भलामोठा वाटा रोज त्याच्या दारात.

"मामा मामा, निरोप दे. काकू पेशी करत नाही. करंगळी गार पडली."

मामा म्हणाला, "मला हवा मिळते. म्हणजे सगळ्यांना मिळत असणार. मावशी सांगत नाही, मी निरोप देत नाही."

लाली निघाली. घरंगळ घरंगळ. गळ्यात थायरॉइडमावशी फुलपाखरासारखे पंख पसरून पेंगत होती. घुर्र घुर्र.

"मावशी मावशी, मामाला सांग. मामा निरोप देत नाही. काकू पेशी करत नाही. करंगळी गार पडली."

मावशीने एक डोळा उघडला. "आजी मला उठवत नाही, मी मामाला सांगत नाही." डोळा मिटला.

लाली निघाली. घरंगळ घरंगळ. वर, वर, मेंदूच्या खाली. तिथे पिट्युटरीआजी. वाटाण्याएवढी, पण सगळे तिला टरकून असतात.

"आजी आजी, मावशीला उठव. मावशी मामाला सांगत नाही. मामा निरोप देत नाही. काकू पेशी करत नाही. करंगळी गार पडली."

आजी म्हणाली, "कोण करंगळी?"

"पायाची," लाली म्हणाली.

"मामा ओरडला का? नाही ना? मामा ओरडत नाही, मी मावशीला उठवत नाही. जा."

लालीला रडू आलं. मग राग आला. एवढी मोठी मंडळी, सगळी उबेत बसलेली. आणि ही ऊब आणून कोण देतं? लालीच देते.

लालीने उरलेल्या बहिणींना बोलावलं. "आज मामाच्या दारात गाठोडं सोडायचं नाही," ती म्हणाली. "नुसतं पुढे जायचं."

एक गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. घरंगळ घरंगळ घरंगळ.

मामा धापा टाकू लागला. हुस्स हुस्स. "माझी हवा? माझी हवा कुठाय?"

लाली म्हणाली, "मामा मामा, निरोप दे. आजी मावशीला उठवत नाही. मावशी मामाला सांगत नाही. मामा निरोप देत नाही. काकू पेशी करत नाही. करंगळी गार पडली."

"मावशी राहू दे, आजी राहू दे," मामा म्हणाला. "हा घे निरोप."

म्हणजे मामाला निरोप देता येत होता. पहिल्यापासून येत होता. त्या निरोपाला मोठी माणसं हार्मोन म्हणतात.

मामाची हवा अडली, मग मामाने निरोप दिला. निरोप मिळाला, मग काकूने पेशी केल्या. फुटफुट फुटफुट. पण पेशी काही एका दिवसात होत नाहीत. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, सात दिवस गेले. तोवर करंगळी गारच.

मग नव्या बहिणी आल्या. गाठोडी आली. करंगळी गरम झाली.

आजी म्हणाली, "मीच लक्ष घातलं." मावशी म्हणाली, "मीच सांगितलं." लालीचं मन कडू झालं.

करंगळीने विचारलं, "लाली, मामाला माझी दया आली?"

"नाही गं," लाली म्हणाली. "त्याची स्वतःची हवा अडली."

करंगळीने गाठोडं सोडलं आणि पोटभर हवा घेतली.

निमाची करंगळी हलली, गोष्ट इथे थांबली. करंगळी कशी आहे, हे मामाने अजून विचारलेलं नाही.