झुळूकपरीच्या तीन फुंकरी

केवडाच्या घराला छप्पर होतं, पण ते घरी फारसं राहायचं नाही.

चैत्र सरला, ऊन तापलं, की एखाद्या दुपारी आभाळ काळंनिळं व्हायचं. वळवाचं वादळ गरजत यायचं आणि ते गवताचं छप्पर अलगद उचलून घेऊन जायचं. कधी चिंचेच्या शेंड्यावर ठेवायचं, कधी शेजारच्या गावातल्या गोठ्यावर. मग केवडाचे बाबा, लखूबाबा, डोक्याला मुंडासं बांधून छप्पर शोधायला निघायचे. वाटेत भेटेल त्याला विचारायचे, "राम राम! आमचं छप्पर इकडून गेलेलं दिसलं का?"

"दिसलं की! फार घाईत होतं."

लोक हसायचे. लखूबाबाही हसायचे. केवडा मात्र ओल्या गोधडीत कुडकुडत बसायची. तिला आई नव्हती. त्यांचं घर ओढ्याच्या अगदी काठाशी होतं, कारण ती जागा दुसऱ्या कुणालाच नको होती. लखूबाबा बांबूच्या टोपल्या विणायचे. वादळाच्या पाठोपाठ ओढा फुगला, की विणून ठेवलेल्या टोपल्या पाण्यावर बसून सहलीला निघून जायच्या. मग त्या दिवशी चूल पेटायची नाही.

गावात कुणाची फार वेगळी गत नव्हती. कुणाचा गोठा उडे, कुणाचं धान्य भिजे. पण वादळ गेलं, ऊन पडलं, की सगळे म्हणायचे, "आता पुढचं पुढे बघू." आणि पुढचं आलं, की बघायला वेळच नसायचा.

अशाच एका वादळानंतरच्या सकाळी केवडा आपल्या शेळीला, बत्ताशीला, घेऊन करवंदं वेचायला रानात गेली. रान नुकतं न्हाऊन बसलं होतं. बहाव्याचे पिवळेधमक झुपके झुलत होते. ताम्हणाची जांभळी फुलं थेंबाथेंबांनी चमचमत होती. गवताच्या पात्यापात्यावर इवलाली इंद्रधनुष्यं बसली होती. केवडाने एका जाळीत हात घातला, तोच जाळी शिंकली.

"आँऽक् छी! अगं बाई, हळू! पंख नवे आहेत!"

केवडाने डोळे विस्फारून पाहिलं. करवंदीच्या काट्यांत एक पिटुकली परी अडकली होती. अंगठ्याएवढी. तिचे पंख ताम्हणाच्या पाकळ्यांसारखे जांभळे, केस चांदीच्या तारांसारखे. पण सगळी ओलीचिंब, आणि नाकाचा शेंडा लालबुंद.

"तुम्ही परी आहात?"

"होते. काल दुपारपर्यंत," परी रडवेली होऊन म्हणाली. "आता मी वाळत घातलेलं फडकं आहे."

केवडाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. एकेक काटा अलगद बाजूला सारत तिने परीला सोडवलं. बोटांवर रक्ताचे थेंब आले, तरी तिने पंखाला ओरखडा उठू दिला नाही. मग आपल्या ओढणीच्या कोरड्या टोकात परीला गुंडाळलं आणि वेचलेल्यातलं सगळ्यांत टपोरं करवंद तिच्यापुढे धरलं.

परीने ते दोन्ही हातांनी उचलून खाल्लं. तशी तिच्या गालांवर गुलाबी झाक आली आणि पंखांतून चंदेरी चुरा भुरभुरू लागला.

"मी झुळूकपरी," ती ऐटीत म्हणाली. "पानं हलवायची, फुलांचा वास घरोघरी पोचवायचा, दमलेल्या माणसाच्या मानेवर फुंकर घालायची, ही माझी कामं. तू मला वाचवलंस. माझ्या तीन फुंकरी तुला. एका फुंकरीला एक इच्छा. पण नियम ऐकून घे हं!"

"ऐकते, परीताई."

"मागायचं ते हवा शांत असताना मागायचं. वारा सुटला की मला नीट ऐकू येत नाही. एका लाकूडतोड्याने भर वादळात 'दोर दे, दोर दे' अशा हाका मारल्या. मी मोर दिला. तो मोर अजून त्याच्या शेजारी पाटावर बसून जेवतो."

"अरेरे!"

"आणि वादळाला थांबव, असं म्हणायचं नाही. वादळ माझे मामा लागतात. उन्हाने त्यांचं डोकं तापलं, की ते घरात कुणाचंच ऐकत नाहीत. काल मलाच उडवून लावलं. सख्ख्या भाचीला! आणि शेवटचं: मी वस्तू देईन, पण गाठ तुमची तुम्ही मारायची. आयतं काही मिळणार नाही. समजलं?"

केवडा मान डोलावणार, एवढ्यात शेजारून आवाज आला, "बेंऽऽ!"

"दिलं!" परी म्हणाली आणि तिने फुंकर मारली. बत्ताशीच्या पुढ्यात कोवळ्या, हिरव्यागार पाल्याचा ढीग पडला.

"अहो परीताई, ती शेळी आहे!"

"मग? शेळीने मागू नये, असा नियम कुठे आहे?"

बत्ताशीने एवढ्या जोरात पाला खायला सुरुवात केली, की बोलण्यात अर्थच उरला नाही. आता दोन फुंकरी राहिल्या.

केवडा विचार करू लागली. आधी पुरणपोळी आठवली. मग निळा परकर आठवला. मग एक छानसं घर डोळ्यांपुढे आलं. पण त्या घराच्या खिडकीतून तिला शेजारच्या साळूमावशीचं उडणारं छप्पर दिसलं, आणि ते चांगलं वाटेना.

"परीताई, कधी तुटणार नाही आणि कधी संपणार नाही, असा दोर द्या."

फुंऽऽ! पहाटेच्या आभाळासारखा गुलाबी-चंदेरी दोर केवडाच्या हातात आला. कितीही ओढला तरी येतच राहिला.

"शेवटची फुंकर मात्र तुझी स्वतःची," परी म्हणाली. "घर माग. आत्ता माग."

"बाबांना विचारून मागते. दार कुठल्या बाजूला हवं, ते त्यांना ठरवू दे."

"लवकर हं! मामांचं डोकं पुन्हा तापायला लागलंय." असं म्हणून परी केवडाच्या वेणीत जाऊन बसली. पाहणाऱ्याला वाटावं, ताम्हणाचं फूलच माळलंय.

घरी आल्यावर केवडाने विचारलं, "बाबा, आपलं नवं घर झालं, तर दार कुठे हवं?"

लखूबाबांनी टोपली खाली ठेवली. एवढा मोठा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "पूर्वेला असलं तर ऊन येईल," ते म्हणाले. "पण उत्तरेला असलं तर गारवा राहील... थांब, विचार करू दे." आणि ते विचार करत बसले.

तोवर केवडा दोर घेऊन साळूमावशीकडे गेली.

"वादळाआधी छप्पर बांधून घेऊ या, मावशी."

"आत्ता? अगं, आभाळ बघ. घासलेल्या ताटासारखं लख्ख आहे."

"ताट लख्ख असतं तेव्हाच वाढायचं असतं ना, मावशी?"

मावशीने लगेच पदर खोचला. दोघींनी मिळून छपराच्या चारी कोपऱ्यांना दोर घालून तो जमिनीतल्या खुंट्यांना घट्ट बांधला. ते पाहून शेजारी आले. मग त्यांचे शेजारी आले. केवडा या घरावरून त्या घरावर खारीसारखी चढत-उतरत होती. बांधता बांधता ती म्हणे, "काका, धान्याची मडकी टेकडीवरच्या देवळात नेऊन ठेवायची का? तिथे पाणी चढत नाही." कधी म्हणे, "मामी, आभाळ भरलं की आधी गुरांची दावी सोडायची बरं का." पोरांना तर तिने खेळच शिकवला. ती "आलाऽऽ" म्हणून ओरडली, की सगळ्यांनी टेकडीकडे धूम ठोकायची, आणि वाटेत जो झाडाखाली थांबेल तो बाद! मोठी माणसं आधी हसली. मग पोरं पळतात म्हणून तीही पळू लागली. मोठ्यांना बाद व्हायला आवडत नाही.

एकटे रंगराव पाटील तेवढे ऐकेनात. त्यांच्या घरावर नवे, चकचकीत पत्रे होते आणि ओठांवर झुबकेदार मिशा.

"ए पोरी," ते म्हणाले, "हे पत्रे शहरातून आणलेत. यांना वाऱ्याची भीती नाही. वाऱ्यालाच यांची भीती आहे!"

"तरी पण एकच गाठ, पाटीलकाका?"

"दोर बांधायला हे माझं घर आहे की म्हैस?"

केवडा रोज घरी येऊन विचारी, "बाबा, दार ठरलं का?" आणि लखूबाबा म्हणत, "पूर्वेचं जवळजवळ ठरलंय. पण खिडकीचं राहिलंय." वेणीतली परी कपाळावर हात मारून घेई.

आणि एका दुपारी वारा अचानक पडला. पानसुद्धा हलेना. पश्चिमेकडून जांभळाकाळा ढग फुगत, फुगत आला.

"माग! आत्ता माग!" परी ओरडली.

पण केवडाच्या तोंडून दुसरंच निघालं. "आलाऽऽ!"

सगळं गाव उठलं. दावी सुटली, गुरं टेकडीकडे निघाली, पोरं पळाली, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलं गेलं. लखूबाबांनी एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात बत्ताशी उचलली. सगळे देवळात पोचले आणि मग वादळमामा आले! गारा तडतडल्या. झाडं वाकली. ओढा लाल पाण्याने फुगला आणि काठ सोडून धावत सुटला. खाली गावातली छप्परं फडफडत होती, उसळत होती. पण चंदेरी गाठींनी एकालाही उठू दिलं नाही.

"पाटील कुठे आहेत?" साळूमावशीने विचारलं.

पाटील आपल्या घरावर होते. वाऱ्याला घाबरवणारे पत्रे थरथरू लागल्यावर ते स्वतःच त्यांवर वजन म्हणून जाऊन बसले होते. वाऱ्याने मोठा पत्रा पाटलांसकट उचलला आणि थप्पकन ओढ्यात टाकला. पत्रा गरगर फिरत वाहू लागला. वर पाटील, दोन्ही कडा पकडून बसलेले. मिशा खाली लोंबत होत्या.

"अरे, कुणीतरी धरा रेऽऽ!"

पुढे ओढ्याचं पाणी खडकांवरून खाली कोसळत होतं. केवडाने ते पाहिलं. चंदेरी दोर तर खाली गावातच राहिला होता. घर, दार, खिडकी, काही म्हणजे काही तिला आठवलं नाही. ती जीव खाऊन ओरडली, "परीताई, होडी द्याऽऽ!"

वारा घोंघावत होता. वेणीतून परीने विचारलं, "काय? साडी?"

"होडी!"

"दिली!"

फुंऽऽ! आणि केवडाच्या अंगावर डाळिंबी रंगाची, सोनेरी काठाची, लांबच लांब साडी कोसळली. सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले. केवडाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला वेळ कुठे होता?

"बाबा, टोपली द्या!" तिने साडीचं एक टोक टोपलीच्या कडीला गाठ मारून बांधलं. "आणि हे दुसरं टोक देवळाच्या खांबाला! पाण्यात कुणी उतरायचं नाही. सगळ्यांनी इथूनच धरा!"

लखूबाबांनी टोपली भिरकावली. लखूबाबांनी विणलेली टोपली पाण्यावर कशी तरंगते, हे त्या ओढ्याला चांगलं ठाऊक होतं. ती डुलत डुलत थेट पाटलांपाशी गेली. पाटलांनी ती छातीशी कवटाळली, साडी कमरेभोवती गुंडाळली आणि डोळे मिटले. सगळ्या गावाने "हय्या हो!" म्हणत ओढलं. पत्रा एकटाच खडकांवरून खाली गेला, धडाडऽऽ! पाटील मात्र साडीत गोल गोल गुंडाळत टेकडीवर येऊन पडले.

साळूमावशीने त्यांना नीट न्याहाळलं. "काठ शोभतो हो तुम्हाला, पाटील."

पाटील आधी लाजले, मग हसले आणि मग केवडाचे हात धरून लहान मुलासारखे रडले.

थोड्या वेळाने ऊन पडलं. गाव जागच्या जागी होतं. फक्त ओढ्याकाठचं केवडाचं घर पुराने नेलं होतं. छप्पर नाही, भिंती नाहीत, काहीच नाही. नुसता चिखल.

"बाबा," केवडा हळूच म्हणाली, "दार ठरलं होतं का?"

"ठरलं होतं गं," लखूबाबा म्हणाले. "पूर्वेला."

"आता फुंकरी संपल्या," परी हुंदके देत म्हणाली. "एक शेळीने खाल्ली. एक मी बहिरीने वाया घालवली."

"वाया कुठे?" केवडा म्हणाली. "पाटीलकाका आले ना परत."

तेवढ्यात आभाळात कुणीतरी घसा खाकरल्यासारखा गडगडाट झाला. देवळामागे गारांचा एक भला मोठा ढीग साचला होता. ऊन लागताच तो वितळू लागला आणि आतून गुलाबी, तुकतुकीत कौलं बाहेर आली. रांगच रांग. त्यांखाली सागाचे वासे, आणि सगळ्यांत तळाशी एक सुंदर नक्षीचं दार.

"मामांनी पाठवलंय!" परीने टाळ्या वाजवल्या. "डोकं निवलं की त्यांना फार लाज वाटते. पण माझा नियम मामांनाही लागू आहे. उभारायचं तुम्हीच."

मग काय! टेकडीच्या उतारावर पाटलांनी आपली जागा दिली. सगळ्या गावाने हात लावला. ओल्या मातीच्या भिंती उठल्या, कौलं चढली, पूर्वेला दार बसलं. पाटील सगळ्यांत उंच शिडीवर उभे राहून प्रत्येक वाशाच्या गाठीला हिसका देऊन बघत होते आणि ओरडत होते, "आणखी घट्ट! मला विचारा, आणखी घट्ट!"

घर पुरं झालं त्या सकाळी परी केवडाच्या वेणीतून उडाली. तिने केवडाच्या गालावर इवलीशी पापी दिली.

"माझी एक धाकटी झुळूक तुझ्या खिडकीत ठेवून जाते," ती कानात म्हणाली. "मामा निघाले, की ती आधी येऊन तुझे केस उडवेल. मग तू सगळ्यांना सांग."

"पुन्हा भेटाल ना, परीताई?"

परी हसली. तिचे पंख आधी जांभळे, मग गुलाबी, मग सोनेरी झाले, आणि एकदम लख्खकन असा उजेड पडला, की अख्खी टेकडी न्हाऊन निघाली.

"वीऽऽज!" पाटील शिडीवरून ओरडत उतरले. "झाडापासून लांब व्हा! खाली बसा!"

आणि सगळं गाव, साळूमावशी, लखूबाबा, झाडून सगळी पोरं, कान झाकून पटापट खाली बसलं. फक्त केवडा उभी होती. पोट धरधरून हसत, डोळे पुसत, त्या विरघळत जाणाऱ्या उजेडाला दोन्ही हात हलवत.