लखू चिरेवाला आणि सगुणाआतेचं अंगण

माझी शाळा सातवीत सुटली. शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या कातळशेत गावात जसं सांगतात तसं लिहितो.

फार वर्षांपूर्वी आमच्या गावात लखू नावाचा माणूस होता. तो खाणीत जांभ्याचे चिरे काढायचा. त्याने टिकाव नुसता उचलला तरी चिरा आपणहून सुटायचा, असं म्हणतात.

पण क्रिकेटमध्ये बिचाऱ्याचा कायम भोपळा. सामने भात कापलेल्या शेतात व्हायचे. तिथे चेंडू उसळत नाही, धसकटांमधून सरपटत येतो. लखूची बॅट मात्र टिकावासारखी डोक्यावरून यायची. ती खाली येईपर्यंत स्टंप पडलेला. तीन वर्षं हेच. सामना शेजारच्या खारवाडीशी असायचा; तिथली माणसं तर त्याला बघूनच ओरडायची, "भोपळा आला रे!"

चौथ्या वर्षी कप्तान विश्राम म्हणाला, "लखूदादा, राग मानू नका. यंदा भोपळा आला तर पुढच्या वर्षी पंच म्हणून उभे राहा."

लखूला जेवण जाईना. खेळण्याइतकं त्याला दुसरं काहीच आवडत नव्हतं.

शेताच्या कडेला सगुणाआते एकटी राहायची. पडवीत बसून सगळे सामने बघायची. तिने त्याला हाक मारली. "मेल्या, चेंडू मारतोस की चिरा फोडतोस?"

"मग काय करू, आते?"

"माझं अंगण झाड. माझे गुडघे वाकत नाहीत, तुझी कंबर वाकत नाही. दोघांचंही काम होईल."

पहिल्या दिवशी त्याने खराटा असा वरून हाणला की सगळी धूळ आतेच्या चहात गेली. तिने त्याला खूप शिव्या दिल्या. आठव्या दिवशी मात्र एकही पान वर उडालं नाही, सगळी सरळ कुंपणाच्या दगडी गडग्याला जाऊन लागली.

मग सामना आला. खारवाडीचा पहिलाच चेंडू जमिनीला चिकटून आला. लखू इतका वाकला की बोटांना माती लागली. चेंडू सात शेतं ओलांडून खाडीत गेला. बांध बाजूला सरले, असं म्हणतात. एका खेकड्याने चेंडू परत आणून दिला, असंही म्हणतात. खेकड्यावरून आमच्याकडे अजून वाद होतात, चेंडूवरून नाही. लखू खेळत होता तोवर सूर्य मावळलाच नाही, आणि शेवटी खारवाडीनेच त्याला खांद्यावर घेतलं.

आता आतेचं घर राहिलं नाही. अंगण आणि तुळस आहे. सामन्यात ज्याच्या धावा सर्वांत जास्त, त्याने दुसऱ्या दिवशी ते अंगण झाडायचं, मग तो मुंबईहून आलेला का असेना.

कारण लखू तो सामना जिंकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आतेला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. ती दारात येऊन म्हणाली, "अरे, जिंकलास ना? आता कशाला झाडतोस?"

लखू वाकलेलाच होता. म्हणाला, "तुझे गुडघे कुठे बरे झालेत, आते?"

आणि त्याने तुळशीपर्यंतचं सगळं अंगण झाडून काढलं.