हेडलाइटचं काळं कुंकू

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या शालन मगदूम सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी तणतणत उभ्या होत्या. इथेच बसवलेला हेडलाइटचा बल्ब पुन्हा उडाला होता आणि सकाळच्या दाट धुक्यात पोरांनी भरलेली गाडी त्यांनी जीव मुठीत धरून शाळेपर्यंत नेली होती.

मॅनेजर पोतनीस खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "बाई, हा बल्ब नाजूक असतो. बोटाचं तेल त्याच्या काचेला लागलं की तो तापून उडतो. तुम्ही बायका दसऱ्याला दिव्यांना हळदकुंकू फासता आणि मग भांडायला आमच्याकडे येता."

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याच माणसाला तो बल्ब काढायला सांगा."

मेकॅनिकने काचेला हात न लावता बल्ब बुडाशी धरून काढला आणि काउंटरवर ठेवला. त्याच्या काचेवर ग्रीसने माखलेला अंगठा ठसठशीत उमटला होता.

"हळदकुंकू मी बाहेरून लावलं, साहेब, आणि माझं कुंकू लाल असतं," शालनताई म्हणाल्या. "आतल्या बल्बला हे काळं कुंकू तुमच्या माणसांनी लावलंय. पूजेआधी हात धुवायचे असतात, एवढं माझ्या व्हॅनमधल्या बालवाडीच्या पोरांनाही कळतं."