अर्ध्या दगडाचा वाटाड्या

फार फार जुनी गोष्ट. घाटाखाली एक गाव होतं, आणि त्या गावातल्या एका पोरानं कच्च्या फणसासाठी पैज लावली. लावायला नको होती. पण शहाणा माणूस असली पैज लावत नाही, आणि शहाण्या माणसाची गोष्ट होत नाही. तेव्हा लहानथोर सगळे ऐका.

त्या पोराला गाव राघू म्हणायचं, कारण त्याचं तोंड कधी मिटायचंच नाही. त्याचा एक जिवलग मित्र होता. त्याला म्हणायचे खांब. का, ते सांगायला नको. दोघं एकत्र बसले की राघू दोघांचं बोलायचा आणि खांब दोघांचं ऐकायचा.

गावातून मिठाचे बैल घाट चढून वर जायचे. बैलांच्या मालकाकडे बैल होते, हमाल होते, मीठ होतं. वाट तेवढी नव्हती. जुनी वाट मागच्या पावसात दरडीखाली गेली, आणि जुना वाटाड्याही तिच्यासोबतच गेला. मग मालकानं चालीप्रमाणे दवंडी पिटवली: ज्याला वाटाड्याचं काम हवं, त्यानं घाटमाथ्यावरचा हिरवा दगड आणून दाखवावा. तसला दगड माथ्यावरच मिळायचा, खाली कुठेच नाही. ज्याच्या हातात दगड, तो वर जाऊन आला. मालकाला याच्यापलीकडे डोकं चालवायची गरज वाटत नसे.

खांबाला ते काम हवंच होतं. त्याच्या आईला नीट दिसायचं नाही. गावात काम मिळालं नाही तर त्याला परमुलखात जावं लागणार, मग आईची चूल कोण पेटवणार? म्हणून तो घाटात शिरला. घाबरून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. शेवटी नवी वाट सापडली, आणि तो गुडघे सोलून, हिरवा दगड घेऊन खाली उतरला.

त्याच संध्याकाळी पारावरची टवाळ पोरं राघूला म्हणाली, "बघ, खांबानं दगड आणला. तू नुसता तोंडाचा."

"दगडाचं काय घेऊन बसलात," राघू म्हणाला. "मी घाट न चढता वाटाड्या होऊन दाखवतो."

"झालास तर त्या झाडाचा सगळ्यात मोठा फणस तुझा."

"लागली पैज."

मग राघू खांबाकडे गेला. "अर्धा दगड दे ना, लेका. मालकानं मला निवडलं की तिथल्या तिथं सांगतो, गंमत केली म्हणून. लोक हसतील, फणस आपण दोघं खाऊ, आणि काम तुझंच."

मित्राला नाही म्हणणं खांबाला जमत नसे. त्यानं दगड पायरीवर आपटला. एक तुकडा राघूला दिला, एक स्वतः ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं मालकासमोर उभे राहिले. मालकानं विचारलं, "वर कसं आहे रे?"

राघू म्हणाला, "काय सांगू मालक, ढग पायाखाली. वाटेत वाघाची पावलं होती. मी म्हटलं बरं झालं, आयती वाट मिळाली, आणि त्याच पावलांवर पाय देत गेलो. भीती होती थोडी, पण ती निघतानाच घरी खुंटीला टांगली."

सगळे खो खो हसले. मालकही हसला.

खांब म्हणाला, "ढग उतरला की वर काही दिसत नाही, मालक. मला भीती वाटते. मग मी थांबतो."

"वाटाड्याच थांबला तर बैलांनी काय भजन करायचं?" मालक म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

मालकानं राघूच्या डोक्याला वाटाड्याचा फेटा बांधला. दोन्ही दगड फुटके कसे, ते त्यानं विचारलं नाही. खांबाचे गुडघे बघितले नाहीत. राघूचे गुळगुळीत तळपायही बघितले नाहीत.

आता राघूनं बोलायचं होतं. जन्मभर बडबडला, आणि नेमका आता गप्प बसला. फेटा डोक्याला घट्ट बसला होता, लोक वा वा म्हणत होते. त्याला वाटलं, उद्या सांगू.

बाहेर आल्यावर खांब म्हणाला, "कधी सांगणार?"

"एक खेप होऊ दे. तू हमाल म्हणून ये, माझ्या मागं चाल आणि वाट हळूच सांग. परत आलो की सांगतो, आईशप्पथ."

खांबानं आईला एवढंच सांगितलं, की काम मिळतंय, थोडा उशीर आहे. दगडाचा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि तो पाठीवर मीठ घेऊन निघाला.

पाऊस तोंडावर आला होता. राघू पुढं, त्याच्या मागं खांब, मागं बैल आणि हमाल. खांब कुजबुजायचा, "उजवीकडे." राघू ओरडायचा, "चला, उजवीकडे." बराच घाट असा छान चढून झाला.

मग एक हमाल म्हणाला, "अरे, वाटाड्यालाही वाटाड्या लागतो का?"

मागून दुसरा म्हणाला, "फेटा याचा, डोकं त्याचं."

राघूचे कान तापले. तो खांबाला म्हणाला, "तू शेवटच्या बैलाजवळ जा. आता मला येतंय."

"पुढं दोन वाटा फुटतात, राघू."

"जा म्हटलं ना."

खांब मागं गेला. थोड्या वेळानं ढग उतरला. स्वतःचा हात दिसेना. राघूसमोर दोन वाटा आल्या. थांबून एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण थांबला तर लोक हसणार. तो डावीकडे वळला.

मागं खांबाच्या पायाखाली सुटी खडी करकरली. ही खडी त्याला माहीत होती. ही कड्याकडे जाते. पाठीवरचं मीठ टाकून तो ढगातून रांगेच्या कडेनं धावत सुटला. पुढच्या बैलाचा कासरा हाताला लागला, तसा त्यानं तो सगळ्या ताकदीनं मागं ओढला. बैल थांबला. सगळी रांग थांबली. खांबाच्या पायाखालची खडी मात्र थांबली नाही.

ढग गेला तेव्हा कडा दिसला. खांब दिसला नाही.

बैल वाचले, माणसं वाचली, मीठसुद्धा वाचलं. सगळे गावात परतले तेव्हा मालक म्हणाला, "पोरगं ढगाला घाबरलं आणि रांग सोडून पळालं. भित्राच होता. पहिल्याच दिवशी स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता." आणि वेळेवर बैल थांबवल्याबद्दल त्यानं राघूची पाठ थोपटली. राघूनं थोपटू दिली.

पोरांनीही पैजेचा फणस आणून त्याच्या दारात ठेवला. तो पिकला, फुटला, त्यावर माश्या बसल्या. कुणी तोंड लावलं नाही.

खांबाच्या दिवसकार्याला सगळं गाव जमलं. मालकही आला. खांबाची म्हातारी आई हातातला दगडाचा तुकडा चाचपत बसली होती. ती मालकाला म्हणाली, "माझा पोर रांगेच्या मागून पुढं पळाला म्हणतात. पळायचं होतं तर तो घरी पळाला असता, मालक. पुढं कशाला पळाला?"

मालकानं राघूकडे बघितलं.

तेव्हा राघू उठला. त्यानं फेटा काढून खाली ठेवला. कनवटीला खोचलेला दगडाचा तुकडा काढला आणि म्हातारीच्या हातातल्या तुकड्याला लावला. दोन्ही तुकडे जुळले. म्हातारीनं बोटांनी सांधा चाचपला.

"मावशी, दगड त्याचा होता," राघू म्हणाला. "मी घाट कधी चढलोच नव्हतो. फणसासाठी काम मागितलं, आणि लाजेपायी वाट विचारली नाही. बैल त्यानं थांबवले. ढकललं नाही, पण मारलं मीच."

 म्हातारी म्हणाली, "एवढंच तर बोलायचं होतं रे. तुला तर बोलता यायचं."

मालकानं फेटा उचलला नाही. त्याच्या हातानं बांधलेला होता तो, त्यालाही मान वर करता येईना. त्या पावसाळ्यात बैल निघाले नाहीत. फेटा तिथंच पडून राहिला, आणि म्हातारीची चूल रोज पहाटे राघू पेटवू लागला. ती त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

तात्पर्य: जे येत नाही ते काम मागू नये, आणि काम देणाऱ्यानं माणसाचं तोंड बघून नाही, तर पाय बघून त्याला वाटेवर घ्यावं.