पुढचे दोन दात

एका राज्यात पोटाला पिशवी असलेले प्राणी नांदत होते. राजा तृणध्वज, राणी कुंजावती, आणि राणीच्या पिशवीत वाढलेली एकुलती लेक वीरजा.

तिथली रीत अशी, की लेकरू पिशवीतून उतरलं म्हणजे भर दरबारात त्याचा जबडा उघडायचा. दाढा जात्यासारख्या रुंद असल्या तर ते घरचं. वीरजेची दाढ निघाली विळ्याच्या पात्यासारखी. गवत तिला चाववेना, ती मांसाकडेच धाव घेई.

राजा म्हणाला, "ही आमच्या कुळाची नव्हे. नदीपार घालवा."

"महाराज, माझ्या पिशवीतून उतरली, मग कोणाची?"

राजानं ऐकलं नाही. लेक नदीपार गेली आणि मूळआजीचा, म्हणजे जिच्यापासून सगळं कूळ वाढलं तिचा, जुना शाप जागा झाला. जो तिचं रक्त टाकील, त्याचं कुरण दगडाचं होणार होतं. झालंही तसंच. दगडाचं गवत चावता चावता म्हाताऱ्यांच्या दाढा फुटल्या, लेकरं उपाशी रडू लागली.

तेव्हा खंड्या पक्षी बोलला, "राणी, तीन गुहांतून तीन जबडे आण. ते कोणाचे, हे राजाला ओळखू दे, म्हणजे शाप सुटेल."

पहिल्या गुहेत आग होती, दुसरीत पूर, तिसरीत विषारी धूर. राणी तिन्ही पार करून आली.

राजानं पहिला जबडा पाहिला. "उंच, खरबरीत दाढा. गवत खाणारा." दुसरा पाहिला. "बुटक्या, गोल दाढा. फळं खाणारा." तिसरा पाहिला नि दूर लोटला. "पात्याची दाढ! मांस खाणारा, परका."

खंड्या खो खो हसला. "महाराज, पोट ओळखलंत, कूळ राहिलं! खालचे पुढचे दात बघा की."

तिन्ही जबड्यांत खालचे दोन दात भाल्यासारखे पुढे आलेले. तिन्ही मूळआजीचेच वंशज. कोणी कुरणात राहिला, कोणी फळझाडांत, कोणी शिकारीला लागला. खाणं बदललं, तशा पिढ्यानपिढ्या दाढा बदलत गेल्या. पुढचे दोन दात मात्र आजीचेच राहिले.

राजानं आपल्या तोंडात बोट घातलं. तिथंही तेच दोन दात. तो धावतच नदीपार गेला.

वीरजा म्हणाली, "बाबा, पुन्हा माझे दात बघायला आलात?"

"नाही गं पोरी. माझे दाखवायला आलो." आणि राजानं लेकीपुढं आ वासला.

तिनं वाकून पाहिलं नि ती खुदकन हसली, त्याच दोन दातांनी. त्या क्षणी कुरण हिरवं, मऊ झालं.

पुढल्या साली राणीच्या पिशवीत आणखी एक लेकरू आलं. ते उतरलं तेव्हा कोणी त्याचा जबडा उघडला नाही. घरी परतलेल्या वीरजेनंच त्याला विचारलं, "भूक कशाची लागलीय, बाळा?" आणि त्या घरात पुन्हा कोणी उपाशी राहिलं नाही.